जेवणाचे टेबल आणि आयकर

भाड्याच्या घरात बसून स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यास, घराचा जेवढा भाग कामासाठी वापरला जातो तेवढ्यापुरते भाडे उत्पन्नातून वजा करण्याची मुभा 1961च्या आयकर कायद्याच्या 38व्या कलमाने दिली होती. कलम सुबोध आहे, अडचण घराची. माझे समीक्षालेखन जेवणाच्या टेबलावर चालते. दुपारी तेथे मुद्रिते पसरतात, रात्री ताटे. करसल्लागार चौरस फूट विचारतात. प्रहरांची वाटणी कशी मोजावी? विजेच्या खर्चावर त्याच कायद्याच्या 37व्या कलमाची अट अधिकच कडक होती: तो संपूर्णतः आणि केवळ व्यवसायासाठी हवा असे. दिवा मात्र मुद्रितांवर आणि भातावर सारखाच पडतो. देयकाचा काही हिस्सा मी तारतम्याने मांडतो. माझ्या लेखनाच्या वेळी पत्नी रेडिओ बंद ठेवते. ते कोणत्या रकान्यात लिहावे, हे सल्लागारांनाही सांगता आले नाही.