जमा, वसूल, बाकी

माळव्यातल्या मराठी घरांची आडनावे वाचावीत आणि एका जुन्या कचेरीचा हजेरीपट वाचल्यासारखे वाटावे. फडणीस, चिटणीस, पोतनीस, मजुमदार, जामदार, कमाविसदार! धार आणि देवास ही दोन्ही पवारांची गावे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, पवारांच्या घोड्यांच्या टापांमागोमाग जी कुटुंबे नर्मदा ओलांडून आली, त्यांतल्या कित्येकांच्या हातात तलवार नव्हती, बोरू होता. मुलूख जिंकणाऱ्याचे नाव इतिहासात राहिले. त्या मुलखाचा वसूल गोळा करणाऱ्याचे नाव त्याच्या आडनावात तेवढे उरले, तेही हुद्द्याचेच.

या मंडळींत कमाविसदार हा प्राणी मोठा विलक्षण. तो सरकारचा माणूस खरा, पण नुसता पगारी नोकर नव्हे. परगण्याची कमाविस हाती येताना त्याला अपेक्षित वसुलाचा मोठा भाग 'रसद' म्हणून सरकारात आगाऊ भरावा लागे. ही रक्कम स्वतःची तरी हवी किंवा सावकाराकडून व्याजाने काढलेली. मग पाऊस, पीक, लुटारू, रुसलेला पाटील या सगळ्यांतून वाट काढून वसूल करायचा, कारकून आणि शिबंदी पोसायची, सावकाराचे व्याज फेडायचे आणि वर्षअखेर पै-पैचा ताळेबंद हुजुरात रुजू करायचा. म्हणजे सकाळी कर अधिकारी आणि दुपारी व्यापारी. दोन्ही टोप्या एकाच डोक्यावर! ते डोके फिरू नये म्हणून सरकारने दरकदार नेमलेले असत. फडणिसाच्या नोंदीशिवाय आणि मजुमदाराच्या तपासणीशिवाय हिशेब पुरा होत नसे, आणि या दरकदारांना कमाविसदार आपल्या मर्जीने काढूही शकत नसे.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात ही चौकट मोडली. कमाविस मक्त्याने जाऊ लागली. जो जास्त बोली लावील त्याला परगणा. मग कमाविसदारातला अधिकारी गेला, व्यापारी तेवढा उरला. पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही याची खात्री नसलेला माणूस रयतेचे बी-बियाणे कशाला राखील?

त्या पडझडीनंतर माळव्यात ज्याने घडी पुन्हा बसवली, तो गृहस्थही याच दुहेरी जातकुळीचा. धार-देवासकरांना त्यासाठी इंदूरपर्यंत यावे लागेल, पण ते काही लांब नाही. विठ्ठल महादेव किबे, म्हणजेच तात्या जोग. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांचा पराभव झाला आणि ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला. तहाची बोलणी तात्यांनी केली आणि नंतर दिवाणगिरीही त्यांच्याकडेच आली. राजा अल्पवयीन, खजिना रिकामा, फौजेचे पगार थकलेले. सर जॉन माल्कमने आपल्या मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथात आकडे दिले आहेत. होळकरांचा १८१७ सालचा वसूल साडेचार लाखांच्याही आत होता, तो १८१९-२० मध्ये सतरा लाखांच्या जवळ गेला. मला त्याहून बोलका वाटतो तो दुसरा आकडा. वसुलाचा खर्च पूर्वी शेकडा चाळीसच्या घरात होता, तो पंधरावर आला. शिपाई पाठवून जो कर आणावा लागतो त्यातला निम्माशिम्मा शिपाईच खातो. आपला हिशेब चोख आहे असा विश्वास बसला, की शिपाई लागत नाही. पैशाचे मोल कळणाऱ्या माणसालाच हे सुचते.

१८२६ साली तात्या वारले. शंभर वर्षांनी, १९२६ साली, मुंबईच्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांच्याच घराण्यातले सरदार माधवराव किबे बसले. हिशेबाच्या वहीपासून साहित्यापर्यंत एक घराणे पोहोचले, तेही माळव्यात राहून. हे आपण मुलांना क्वचितच सांगतो.

उलट उदाहरण देवासचेच. एका गावात थोरली आणि धाकटी अशी दोन संस्थाने. ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज लेखकाने १९२१ साली थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांची खासगी चिटणिशी केली आणि पुढे त्यावर पुस्तक लिहिले. महाराज गोड स्वभावाचे, भाविक, रसिक. पण दरबाराच्या जमाखर्चाचा मेळ बसेना. १९३३ साली ते पाँडिचेरीला निघून गेले ते परत आलेच नाहीत. १९३७ साली तिथेच त्यांचा अंत झाला. राजाचे मन मोठे असून भागत नाही. 'बाकी किती' हे त्याला तोंडावर सांगणारा कोणी जवळ लागतो, आणि ते ऐकायची त्याची तयारीही लागते.

हे सारे मला सुचते ते आमच्या काकांमुळे. काका १९६० साली विक्रीकर खात्यात इन्स्पेक्टर म्हणून लागले. नवा मध्य प्रदेश चार वर्षांचा, त्याचा विक्रीकर कायदा तर त्याहून कोवळा. धार, मग सेंधव्याचा नाका, मग इंदूर. कचेरीत हिंदी, घरी मराठी आणि आकडेमोड मात्र कायम मराठीत, ओठांतल्या ओठांत. रोकडवही उघडली की ते आधी शाई बघत. तीन महिन्यांच्या नोंदी एकाच शाईत, एकाच बैठकीत उतरलेल्या दिसल्या की समजावे, वही तपासणीसाठी जन्माला आली आहे. एकदा धारचा एक व्यापारी लाघवीपणे म्हणाला, "साहब, आप तो हमारे ही आदमी हो." काका म्हणाले, "आदमी आपका हूँ, रसीद सरकार की है."

१९९६ साली ते निवृत्त झाले. तोवर पीथमपूर उभे राहिले होते. इंदूरच्या इतक्या जवळ असूनही ते धार जिल्ह्यात, आणि धार मागास जिल्हा. त्यामुळे तिथल्या कारखान्यांना करात सवलती मिळत. ज्या माळावर आमच्या लहानपणी गुरे चरत, तिथे मोटारी तयार होऊ लागल्या. अशा ठिकाणी सी-फॉर्म आणि सवलतीची कलमे तोंडपाठ असलेल्या माणसाला मागणी असणारच. काकांनी दोन वर्षे कोणालाही होकार दिला नाही. नंतर एका कारखान्यात कर विभागाचे प्रमुख झाले, तेही ज्याची फाइल आपल्या टेबलावरून कधी गेली नव्हती अशा. तरी आत्या कडाडलीच, "अरे, जन्मभर ज्यांना पकडलंस, आता त्यांच्याच दारात बसणार?" काका म्हणाले, "ताई, दार बदललं. वही तीच आहे."

ती वही तीच आहे की नाही, याची परीक्षा तीन वर्षांनी झाली. कारखान्याची सवलतीची मुदत संपत आली होती. जुनीच यंत्रे शेजारच्या शेडमध्ये हलवून नवा कारखाना दाखवावा, म्हणजे सवलत पुन्हा पहिल्यापासून मिळेल, अशी युक्ती निघाली. काकांनी दोन पानी टिपण लिहिले आणि त्याच पाकिटात राजीनामा घातला. मालकांनी राजीनामा परत केला, टिपण ठेवून घेतले आणि बेत सोडून दिला. पुढल्या वर्षी मात्र काकांचा करार वाढवला नाही. घरात हळहळ झाली. काकांनी शांतपणे फंडाचा हिशेब तपासला. त्यात एकशे बारा रुपये त्यांना जास्त आले होते. ते त्यांनी चेकने परत केले.

आता काका नाहीत. २००६ साली विक्रीकर जाऊन व्हॅट आला, १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, आणि बहुतेक मालापुरता सी-फॉर्म इतिहासजमा झाला. शाई ओळखायची विद्या संगणकापुढे काय कामाची? शिवाय आमची मुले आकडे इंग्रजीत मोजतात, भांडतात हिंदीत आणि मराठी सणासुदीला काढतात. त्याबद्दल गळा काढण्यात अर्थ नाही. भाषा घरात बोलली तर राहील, नाही तर नाही.

पण कर घेणारा आणि कर देणारा या दोन खुर्च्यांवर आपली माणसे तीनशे वर्षे आलटून पालटून बसत आली आहेत. बसेनात. कमाविसदार खुर्चीमुळे चांगला किंवा वाईट ठरला नाही. शेजारी फडणीस आहे, त्याची नोंद आपल्याला पुसता येणार नाही, हे त्याला ठाऊक होते म्हणून तो सरळ राहिला. तो फडणीस सरकारने नेमणे सोडून दिले, तर तो आपल्या आतच नेमावा लागतो. काकांनी तो नेमला होता, आणि त्याला शेवटपर्यंत रजा दिली नाही.