पटावरची वीट

"माझ्याकडनं पांडुरंग उलटा दिसतोय की रं," असं म्हणत आजींनी कवड्या पदरात घेतल्या आणि आमचा पाच आठवड्यांचा उद्योग तिथंच अडला.

१९९० चा जानेवारी. पुण्यात कमर्शिअल आर्टच्या शेवटच्या वर्षाला आम्ही चौघं. सरांनी विषय दिला होता: बैठा खेळ. पट, सोंगट्या, खोकं, नियमांचा कागद, सगळं चौघांनी मिळून करायचं. वर्गातल्या निम्म्या टोळ्यांनी महाभारत पळवलं, उरलेल्या 'व्यापार'ला नवा सदरा शिवायला बसल्या. आमच्यातला बाप्या फलटणचा. दर आषाढात माउलींची पालखी त्याच्या गावात मुक्कामाला. तो म्हणाला, वारी करू. आम्ही हो म्हणून मोकळे झालो, कारण कँटीन बंद व्हायची वेळ झाली होती.

खेळ सोपा होता. एकीकडे आळंदीहून माउली, दुसरीकडे देहूहून तुकोबा. दोघांची गाठ पुण्यात, मग वाटा वेगळ्या. एक दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद अशी; दुसरी लोणी काळभोर, यवत, बारामती, इंदापूर, अकलूज अशी. पुन्हा भेट वाखरीला, आणि पुढं पंढरपूर. दिवे घाटात एक डाव थांबायचं, नीरेवर स्नान, चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण लागलं की आणखी एक दान. नियम दोन संध्याकाळांत झाले. दिसणं मात्र काही केल्या जमेना.

चौघांचे चार हात. लांब्या रोट्रिंग पेनचा भक्त, ०.२ पेक्षा जाड रेघ त्याला अडाणी वाटायची. त्याचा दिवे घाट भूमापन खात्यानं काढल्यासारखा. बाप्या ब्रशनं फटकारे मारायचा, त्याचे वारकरी वाऱ्यानं उडून चाललेले. चिमीचा जीव अक्षरांत. कमल शेडग्यांनी केलेल्या नाटकांच्या जाहिराती ती वर्तमानपत्रातून कापून वहीत चिकटवायची, आणि त्या वहीला हात लावायला परवानगी लागायची. मी सोलापूरची, घरात दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठांचे जुने दिवाळी अंक जपलेल्या बापाची लेक. माझ्या वारकरी बायका दलालांच्या मुखपृष्ठावरून उतरून थेट घाटात आलेल्या, डोक्यावर तुळस, डोळ्यांत काजळ, पायांत चौदा कोसांचा लवलेश नाही. चौघांची चित्रं एका पुठ्ठ्यावर लावली तर चार मासिकांची कात्रणं वाटायची.

"वारली करू," लांब्या एकदा म्हणाला. आम्ही तिघं त्याच्यावर धावलो. जिव्या सोमा मशेंच्या हातची वारली वेगळी. पण तोवर शुभेच्छापत्रापासून सोफ्याच्या उशीपर्यंत जिथं तिथं ते त्रिकोणी लोक नाचायला लागले होते. विषय सुचला नाही की वारली, हे तेव्हाच ठरून गेलं होतं, आणि अजून मोडलेलं नाही.

सरांनी केळकर संग्रहालयात धाडलं, जुने खेळ बघा म्हणून. गंजिफा पाहिल्या, सारीपाट पाहिले. अधिक चिन्हासारखा तो कापडी पट. चारही बाजूंनी चौघं बसणार, म्हणून चारही बाजूंनी सारखा. सारीपाटाला वरची बाजू नाही की खालची नाही. उत्तर नाकासमोर पसरलेलं होतं आणि आम्ही त्याच्या काठाची वेलबुट्टी वहीत उतरवत बसलो. लांब्यानं तर टाक्यांची जातसुद्धा लिहून घेतली.

तर आजी. चिमीचा वाडा भवानी पेठेत, पालखी विठोबाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर. माउलींचा मुक्काम तिथं, तुकोबांचा पलीकडं नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. त्या दोन रात्री या वाड्याच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नसे. आजी स्वतः कैक वर्षं दिंडीबरोबर चाललेल्या. त्यांना खेळवून बघायचं ठरलं. फासे त्यांनी पाहताक्षणी परत केले, "ते धर्मराजाला द्या," म्हणून. सहा कवड्या आल्या. सोंगट्यांना तुळशीचे मणी लावले होते तेही गेले. तुळशीची माळ गळ्यात घालायची, खेळायची नाही. त्यांच्या जागी फोडून रंगवलेले चिंचोके. ते मात्र झकास झाले. सपाट बाजू खाली, हलत नाहीत, हरवले तर डब्यातून दुसरे.

आणि मग पांडुरंग. पटाच्या मधोमध मी काढलेला, दोन दिवस खपून, तुळशीहार, मकरकुंडलं, पितांबराच्या चुण्या. माझ्या बाजूनं देखणा. समोर बसलेल्या आजींच्या बाजूनं डोक्यावर उभा. डावीकडचा बाप्या आणि उजवीकडची चिमी यांना तो आडवा झोपलेला. एका देवाकडं चौघं निघालेत आणि दर्शन एकट्या मलाच. गावांची नावंही तशीच, सगळी माझ्याकडं तोंड करून. आजी अर्धा तास मान वाकडी करून खेळल्या होत्या आणि आम्हाला वाटत होतं त्या गुंगून गेल्यात.

त्या रात्री दुसरंही कळलं. ओसरीवर चाळीसचा बल्ब. दुपारी कॉलेजच्या खिडकीशी पांढऱ्या आयव्हरीवर सोन्यासारखा चमकणारा आमचा पिवळा रस्ता त्या उजेडात नाहीसाच झाला. आजी वाल्ह्याहून निघून थेट शेतातून चालत होत्या. घरोघर हा खेळ रात्री जेवणं आटोपल्यावर बल्बखालीच मांडला जाणार, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

पुढचे आठ दिवस आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही. मग चिमीनं एक चिटोरं आणलं. रस्त्याची पांढरी पट्टी, आणि पट्टीच्या काठालाच शिरोरेघ मानून त्याला लटकलेली नावं. वाल्हे. नीरा. लोणंद. अक्षरं रस्त्याला टांगलेली, बाहेरच्या बाजूला उतरलेली, म्हणजे ज्याच्या पुढ्यात जो रस्ता, त्याला ती नावं सुलट. आणि गंमत अशी की मात्रा, वेलांट्या, अनुस्वार शिरोरेघेच्या वर असतात. ते आपोआप रस्त्यात जाऊन उभे राहिले. वाल्ह्याची मात्रा, जेजुरीची वेलांटी, लोणंदचं टिंब. जणू पताका घेऊन कुणी चाललंय. मी त्या चिटोऱ्याकडं बघत राहिले, आणि पहिल्यांदा वाटलं की हा आमचा खेळ आहे.

बाकीचं त्यातून सुटत गेलं. अक्षरं बाहेर उतरली तर झाडंही उतरू देत. जुन्या हस्तलिखित नकाशांत रस्ता वरून पाहिलेला असतो आणि झाडं दोन्ही अंगांना आडवी निजवलेली असतात, लहान मूल काढतं तशी. तसंच केलं. रस्ता वरून, माणसं बाजूनं, डोकी रस्त्याकडं, पाय खेळणाऱ्याकडं. चार हातांचा प्रश्न बाप्यानं सोडवला. त्यानं सगळ्यांची पेनं-ब्रश गोळा करून कपाटात कोंबले आणि चौघांना एकेक बोरू कापून दिला. बोरू कुणालाच नीट चालवता येत नव्हता. चौघंही सारखेच कच्चे, त्यामुळं चौघांची रेघ सारखी निघाली, जाडसर, मध्येच अडखळणारी, टोकाला शाई साठलेली. माझ्या बायकांचं काजळ बोरूनं पुसून टाकलं. डोकं म्हणजे ठिपका, त्यावर तुळशीची चौकट, खाली कोरं पातळ. लांब्याला दोन दिवस ताप आल्यासारखं झालं, पण त्याच्याच हातून सगळ्यात चांगले बैल आले.

रंग तीनच, कारण छपाईला पैसे तेवढेच. आम्ही बारा प्रती स्वतः स्क्रीनवर काढणार होतो. गोपीचंदनाचा पिवळा, गेरू आणि बुक्क्याचा काळा. रस्ता छापलाच नाही. भोवतीची जमीन पिवळी केली आणि कागदाचा कोरा पांढरा म्हणजे रस्ता. वारकऱ्यांचं धोतरही तेच, कोरा कागद. चाळीसच्या बल्बखाली रस्ता आता दुधासारखा दिसायला लागला. दुसरी अडचण अशी की स्क्रीन दर वेळी सूतभर सरकायची. गेरू रेघेबाहेर, नाहीतर रेघ गेरूबाहेर. तीन प्रती फाडल्यावर ठरवलं की रंगानं रेघेला चिकटायचंच नाही. गेरूचा ठिपका मुद्दामच जरा बाजूला पाडायचा. मग स्क्रीन सरकली काय नि राहिली काय. परीक्षकांनी त्या 'मोकळ्या रंगा'चं फार कौतुक केलं. आम्ही नम्रपणे माना डोलावल्या.

पट पुठ्ठ्यावर चिकटवला आणि सकाळी बघतो तर पापड. चारही कोपरे वर. अप्पा बळवंत चौकातल्या एका बाइंडरमामांकडं नेला. त्यांनी उलटा करून पाहिला आणि विचारलं, "मागं काय लावलंय?" काही नाही. "मग वळणारच, ताई. वरचा कागद वाळताना ओढतो. तेवढंच मागनं ओढायला पायजे." मागून तेवढाच कागद, तीच खळ, वर वजन. पट ताठ. मग खोक्यात बसावा म्हणून मधोमध घडी घालून कापडी पट्टी लावायची ठरली, तेव्हा मामांनीच बोट ठेवलं, घडी बरोबर पंढरपुरावरून जातेय. देऊळ काढलं तर महिन्याभरात फाटणार.

देव तर आम्ही आधीच काढून टाकला होता, उलटा दिसतो म्हणून. आता देऊळही गेलं. मध्ये नुसता कोरा गोल राहिला, आणि त्याच्याकडं बघून बाप्या बाहेर निघून गेला. कॉलेजच्या मागं बांधकाम चालू होतं. तो विटेचा एक तुकडा घेऊन आला, ओट्याच्या दगडावर घासायला बसला. तासाभरात आगपेटीच्या निम्म्या आकाराची खरीखुरी वीट तयार. खेळ मांडला की ती मध्ये ठेवायची. जो पहिला पोचेल त्याचा चिंचोका विटेवर. चारही बाजूंनी सारखीच वीट. बारा प्रतींसाठी बारा विटा घासल्या, हातांची सालं निघाली, आणि खोक्यात कायमची एक लाल धूळ राहिली, बोटांना लागणारी.

ज्युरीच्या दिवशी एक परीक्षक पट लांब धरून म्हणाले, "हे पुण्यातून निघून दोन्हीकडं फाकलेले आणि मध्ये जुळलेले रस्ते, हे कटीवर ठेवलेले हात आहेत ना?" आम्ही चौघांनी पट पाहिला. खरंच होते. खांदे, कोपरं, कंबर. चिमी आणि मी गप्प. बाप्या बिनधास्त म्हणाला, "हो सर, तेच धरून सगळी मांडणी केली." साफ खोटं. त्या हिशेबानं पायाखालची वीट बेंबीवर आली होती, पण ते सुदैवानं कुणी विचारलं नाही.

मार्क चांगले पडले. एका खेळणी कंपनीनं नमुना ठेवून घेतला. तो पुन्हा दिसला नाही, पत्रांना उत्तरही आलं नाही. चार प्रती चौघांकडं राहिल्या, काही वाटल्या. लांब्या आता मस्कतला असतो, बाप्यानं फलटणला छापखाना काढला. चिमीच्या अक्षरांची पुस्तकं निघाली नाहीत, निघायला हवी होती.

त्या आषाढात आजी एक प्रत मागून घेऊन वारीला गेल्या. दिंडीच्या ट्रकमध्ये, गाद्यांच्या वळकट्यांत. श्रावणात त्यांनी मला निरोप धाडून बोलावलं आणि खोकं पुढ्यात ठेवलं. कोपरे मऊ झालेले. यवतावर हळदीचं बोट. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण असतं, तिथं कुणीतरी चहाचा ग्लास ठेवून गोल रिंगण उमटवलं होतं. चिंचोके दोन जास्तच निघाले, न रंगवलेले. मी खोकं उलटं करून झटकलं, कापडी पट्टीखाली बोट घालून पाहिलं.

"आजी, वीट?"

"ती व्हय?" आजी पान जुळवत म्हणाल्या. "ती ऱ्हायली तिथंच. पंढरपूरला."