ब्राउन्स्टन ते फॉक्सटन, गळक्या खिडक्यांसह

नॉर्थॅम्प्टनशरमध्ये वॉटफर्ड गॅप नावाची एक खिंड आहे. रोमनांच्या वाटेवरचा ए-५ रस्ता, रेल्वे, एम-१ महामार्ग आणि ग्रँड युनियन कालव्याची लेस्टर शाखा, चौघेही तिथून एकमेकांना खेटून जातात. एम-१वर ट्रकांची अखंड घरघर; कालव्यावर मात्र वेगमर्यादा ताशी चार मैल. ती घरघर ऐकत आम्ही बोट काठाला बांधली आणि खिडक्या उचकटायला घेतल्या.

बेत साधा होता. ब्राउन्स्टनहून निघायचं, नॉर्टन जंक्शनला डावीकडे वळायचं आणि फॉक्सटनची लॉकं उतरून मार्केट हार्बरो गाठायचं. पण ब्राउन्स्टनलाच रात्रभर पाऊस पडला आणि सकाळी अण्णांची उशी ओली निघाली. अण्णा म्हणजे माझे सासरे, मालवणहून उन्हाळ्यापुरते आमच्याकडे आलेले. त्यांच्या घरच्या होडीला दरवर्षी मुशीचं तेल लागायचं. आमची बोट लोखंडाची, त्यामुळे तिच्याबद्दल त्यांना फारसा आदर नव्हता. उशी पिळत ते म्हणाले, "पाणी खंयसून येता, ता आधी बघूक होया."

जुन्या मालवाहू नॅरोबोटींना हा ताप नव्हता. पुढे सगळा कोळसा, मागच्या दहाएक फुटांच्या केबिनमध्ये अख्खं कुटुंब, आणि खिडक्या जवळजवळ नाहीतच. हौशी लोक बोटीत राहायला लागले तशा लांबरुंद खिडक्या आल्या. शिवाय पुलाच्या कमानीला घासू नये म्हणून केबिनच्या भिंती वरच्या बाजूला आत कललेल्या असतात. त्यामुळे पाऊस काचेवरून सरळ ओघळून जात नाही, चौकटीच्या कडेवर रेंगाळतो.

लेकीने प्रत्येक खिडकीखालच्या प्लायवुडवर टाल्कम पावडर भुरभुरवली आणि नवऱ्याने बाहेरून बादलीने पाणी ओतलं. काचेवर श्वासाचा दमट थर साचला असेल, तर पावडर सगळीकडे सारखी ओलसर होते. गळती असेल, तर तिच्यातून एक ओघळ स्पष्ट उमटतो. ओघळ उमटले, आणि बहुतेक खालच्या कोपऱ्यांतून.

कारण चौकटीतच होतं. अशा अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत थोडं पाणी शिरणार हे बनवणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं. ते बाहेर जावं म्हणून खालच्या पट्टीला बारीक भोकं ठेवलेली असतात. काही भोकं शेवाळाने भरली होती. उरलेली कुणा जुन्या मालकाने सिलिकॉनने लिंपून टाकली होती, गळती थांबवायची म्हणून! बाहेरची वाट बुजली, मग पाणी भरलं आणि काठावरून आत सांडलं. सिलिकॉनची नळी ज्याच्या हाती सापडते त्याला जगातलं प्रत्येक भोक शत्रू वाटतं, असं माझं मत झालं आहे.

भोकं तारेने मोकळी केली, तरी दोन खिडक्या गळतच राहिल्या. त्या उतरवाव्या लागल्या. लोखंडी स्क्रू आणि अ‍ॅल्युमिनियम ओलाव्यात एकत्र राहिले की अ‍ॅल्युमिनियम झिजून त्याची पांढरी भुकटी होते आणि स्क्रू जागीच आवळून बसतात. त्यांना तेल पाजून नवरा शांतपणे थांबला. एरवी हा माणूस चहा उकळेपर्यंतही थांबत नाही. चौकट निघाली तेव्हा मागचा फोमचा पट्टा बोटांत कुस्करला गेला, आणि खाली भाकरीच्या पापुद्र्यासारखा गंज सुटत होता. अण्णा तारेचा ब्रश घेऊन बसले ते खाली लखलखीत पोलाद दिसेपर्यंत उठले नाहीत. मग रेड ऑक्साइड, वर रंग, आणि तो पुरता वाळल्यावर ब्युटाइलची चिकट पट्टी. नवे स्टेनलेस स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळायचे असतात. एकदम पिळले तर चौकट वाकते आणि दुसऱ्या कोपऱ्यात फट पडते. कडेने बाहेर आलेला काळा मसाला लेकीने प्लॅस्टिकच्या पट्टीने कापून घेतला.

"लाकडाच्या फटीत कापूस ठोकतंव, हय टेप," अण्णा म्हणाले. लोखंडाबद्दल याहून बरा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकलेला नाही.

पुढे वॉटफर्डची सात लॉकं, त्यांतली चार एकाला एक जोडलेली. ती चढली की फॉक्सटनपर्यंत सुमारे वीस मैल पाण्याची पातळी बदलत नाही. चढून गेल्यावर लगेच क्रिकचा बोगदा येतो. 1814 सालचा, जवळपास चौदाशे मीटर लांब आणि ओला म्हणून प्रसिद्ध. छतातून धारा लागलेल्या असतात. सुकाणूवरच्या माणसाने रेनकोट घालावाच. त्याहून चांगली परीक्षा कुठली? लेक आत टॉर्च घेऊन खिडकी ते खिडकी फिरली. सगळ्या कोरड्या होत्या, अण्णांच्या उशाची सोडून. तीच तर आम्ही नव्याने बसवली होती!

बोगद्याबाहेर आल्यावर अण्णांनी आतली लाकडी पट्टी सोडवली. पाणी खिडकीचं नव्हतंच. छतावर वाऱ्यासाठी पितळी टोपी असते, तिच्या बुडाशी फट होती. तिथून शिरलेलं पाणी प्लायवुडच्या मागून तिरकं सरकत बरोबर त्या चौकटीपाशी डोकं काढत होतं. चढत्या लॉकांत थांबलेले असताना त्या टोपीवर मी ओले टॉवेल वाळत घातले होते, पण त्याचा याच्याशी संबंध नाही, हे नवऱ्याने मान्य केलं आहे.

फॉक्सटनला दहा लॉकं डोंगरउतारावर पायऱ्यांसारखी रचली आहेत. पाच आणि पाच, मध्ये बोटींना एकमेकींना जाऊ द्यायची जागा. बोट तेवीस मीटर खाली येते. झडपांच्या खांबांना लाल आणि पांढरा रंग दिलेला. आधी लाल उघडायची, मग पांढरी. लेकीने अण्णांना तेवढं समजावलं आणि हाती विंडलासची किल्ली दिली. खाली पोचेपर्यंत त्यांनी ती कुणाला परत दिली नाही.

मार्केट हार्बरोला टोपी उचकटली. बुडाला पुन्हा सिलिकॉनच.