चौकटीतलं भातशेत

जपानी शिकायला लागलं की हिरागाना, काताकाना बघता बघता पाठ होतात आणि आपण उगाच कॉलर ताठ करतो. मग येते कांजी! एका चित्रात अख्खा शब्द, वर त्याचे दोन-तीन उच्चार. निम्म्या बॅचचा उत्साह इथेच मावळतो. (फी ऑफिस भरत असेल तर जरा उशिरा.) माझा इलाज साधा आहे. कार्डांचा गठ्ठा सॅकमध्ये टाकायचा आणि पावसाळ्यातल्या एखाद्या शनिवारी दिवा-रोहा मेमू पकडायची. निदान एक अक्षर तरी या गाडीत क्लासपेक्षा छान कळतं.

ते अक्षर म्हणजे 'ता'. एक चौकोन काढा, आत अधिकचं चिन्ह. झालं! अर्थ, भातशेत. जपानी मुलं हे पहिलीतच शिकतात. रेघा पाच, पण क्रम ठरलेला. आधी डावी उभी, मग वरची आडवी तशीच वळवून उजवीकडून खाली, मग मधली उभी, मधली आडवी. तळाची रेघ सगळ्यात शेवटी, पाणी अडवल्यासारखी.

खरं तर या अक्षराशी आपली रोजच गाठ पडते. जोडशब्दात 'ता'चा बऱ्याचदा 'दा' होतो. होंडा म्हणजे 'मूळ शेत', टोयोटाच्या संस्थापकांचं आडनाव टोयोदा म्हणजे 'भरघोस शेत'. क्लायंट कॉलवरचे तानाका-सान 'शेताच्या मधले' आणि यामादा-सान 'डोंगरातल्या शेताचे'. सिग्नलला तुमच्या पुढे उभी असलेली अॅक्टिव्हासुद्धा मागे एक शेत मिरवत असते.

आपटा, जिते, हमरापूर मागे पडलं की खिडकीबाहेर हेच अक्षर ओळीने मांडलेलं दिसतं. पाण्याने भरलेले चौकोन, मध्ये बांध, त्यात वाकलेल्या बायका. जपानीत लावणीला 'ताउए' म्हणतात, त्यातही पहिलं अक्षर हेच. माझ्या हातातलं कार्ड बघून शेजारच्या काकांनी विचारलं, "शेताचा नकाशा हाय काय?" म्हटलं, "काका, जपानी अक्षर आहे. भातशेत." त्यांनी कार्ड हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं. "आनि उघाडी कुठं हाय? पानी जानार कसं?"

काका पेणच्या खारेपाटातले. तिथे भातशेती आणि खाडी यांच्यामध्ये फक्त मातीचा बांध असतो. उघाडी म्हणजे त्या बांधातली झडप. ओहोटीला उघडून पावसाचं जादा पाणी खाडीत सोडायचं, भरतीला बंद ठेवायची. बांध फुटला तर खारं पाणी आत येतं आणि ते वर्ष तर जातंच, जमीन पुन्हा गोडी व्हायलाही वर्षं लागतात. तेव्हा काकांचा आक्षेप मला तरी एकदम मान्य आहे.

या चौकोनांवर एकदा मतदानही झालंय. महामुंबई सेझसाठी जमीन द्यायची की नाही, हे विचारायला सरकारने २१ सप्टेंबर २००८ला पेण तालुक्यात हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांमध्ये शेतकऱ्यांचा कौल घेतला. त्याआधी मोर्चे, उपोषणं झाली होती. तो सेझ इथे उभा राहिला नाही. आपण गाडीतून बघतो ते हिरवंगार आयतं टिकलेलं नाही, एवढं लक्षात असू द्या.

कासू, नागोठणे गेलं की रोहा. कोकण रेल्वे इथूनच सुरू होते. इथलं अक्षर 'कावा', नदी. तीन उभ्या रेघा, संपलं. कुंडलिकेला मे महिन्यातही पाणी असतं, कारण वरच्या अंगाला १९२७ सालचं टाटांचं भिरा वीजकेंद्र आहे. वीज काढून झालेलं पाणी नदीत येतं. कोलाडला तुम्ही राफ्टिंग करता ते याच पाण्यावर. आजूबाजूच्या डोंगरउतारांवर वरकस जमीन, नाचणी-वरीची. कोरडवाहू शेताला जपानी लोक वेगळं अक्षर वापरतात, 'हाताके'. डावीकडे आग, उजवीकडे शेत. राब भाजणाऱ्या माणसाला ते समजावून सांगावं लागणार नाही!

परतताना एसटी घ्या, कारण एक कार्ड रस्त्यावरच बघण्यासारखं आहे. 'माची', म्हणजे शहर, गाव. डावीकडे तेच चौकोनी शेत, उजवीकडे इंग्रजी टीसारखी खूण. अक्षराचा फार जुना अर्थ शेतातली पायवाट, बांध. नागोठण्यापासून पेणपर्यंत हायवेला सेकंड होम आणि एन.ए. प्लॉटचे बोर्ड लागतात, ईएमआयच्या आकड्यासकट. ते बोर्ड तुमच्या-माझ्यासाठीच आहेत. मीही दोनदा फोन लावलाय. दर सांगणारा मुलगा फार गोड बोलतो. भरती कुठवर येते, हे विचारल्यावर मात्र "साहेबांना विचारून सांगतो" म्हणाला.

पेणला उतरलात तर पोहे आणि पापड घ्या. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस मात्र टाळा, तेव्हा गावात मूर्ती न्यायला आलेल्या टेम्पोंपुढे पाय ठेवायला जागा नसते.