मूलपेशी, एक पत्रक आणि माझ्या वर्गातला मुलगा



दिवाळीच्या सुट्टीआधीची गोष्ट. आमच्या कामठीच्या शाळेत, माझ्या तिसरीच्या वर्गातल्या एका मुलाची आई शाळा सुटल्यावर थांबली. मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. चालताना भिंत धरतो, पण पाढे खणखणीत म्हणतो. आईने पिशवीतून घडी केलेलं पत्रक काढलं. "मॅडम, स्टेम सेल टाकून मेंदू बरा करतात म्हणे. प्लॉट इकून त्याले नेऊ काय?"

माझी चूक आधीच सांगते. मोबाईलवर असाच एक व्हिडिओ मी पाहिला होता. म्हणून बोलून गेले, "बघा करून, विज्ञान खूप पुढे गेलंय." रात्री झोप लागेना. कुणाचा तरी प्लॉट माझ्या एका वाक्यावर जाणार होता! मग वाचायला बसले.

मूलपेशी म्हणजे जिच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी तयार होतात ती पेशी. आता गंमत पाहा. आपल्या विदर्भात सिकलसेल सगळ्यांच्या ओळखीचा. त्यावर अस्थिमज्जा प्रत्यारोपण करतात, ते मूलपेशींचंच. भाऊबहिणीची मज्जा जुळली तर मूल बरं होऊ शकतं. कारण रक्त रोज नव्याने तयार होतं, तांबडी पेशी जगते जेमतेम १२० दिवस. कारखाना बदलला की मालही बदलतो.

मेंदूचं तसं नाही. तिथे एक पेशी हजारो पेशींशी जोडलेली असते. आमच्याकडे माग चालवणाऱ्या घरांतली पोरं शिकायला येतात, त्यांना हे पटकन कळेल. सुताच्या कांड्या मागावर नुसत्या ओतल्या म्हणून कापड विणलं जात नाही.

म्हणून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसारखे मान्य उपचार सोडले, तर मूलपेशींचा वापर फक्त नोंदणीकृत वैद्यकीय चाचणीतच करता येतो. आणि अशा चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. पत्रकावर तर हप्त्याची सोयसुद्धा छापली होती! ऑटिझमसाठीही हा उपचार करू नये, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्ये सांगितलं.

संशोधन थांबलेलं नाही. जपानच्या क्योटो विद्यापीठात २०१८ मध्ये पार्किन्सनच्या रुग्णाच्या मेंदूत प्रयोगशाळेत घडवलेल्या पेशी सोडल्या. पण ती चाचणी होती, दुकान नव्हे.

सोमवारी त्या माउलीला बोलावलं. "ताई, परवा मी चुकीचं बोलले," असं सरळ म्हटलं. तिचा चेहरा उतरला. आशा काढून घेणं किती अवघड असतं, ते डीएडला कुणी शिकवलं नव्हतं. मग आम्ही दोघी दिव्यांग प्रमाणपत्राचे कागद घेऊन बसलो. निरामया योजनेत अशा मुलांसाठी १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत मिळतो. तिला हे माहीतच नव्हतं. खरं सांगू? मलाही नव्हतं.

आता आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी चालू आहे. वर्गात त्याचा बाक मी दाराजवळ घेतलाय, म्हणजे फळ्यापर्यंत भिंतीच्या आधाराने येता येतं. प्लॉट अजून आहे.

वडील मात्र भेटले की विचारतात, "मॅडम, ते औषध मग निघन कधी?"

तारीख काही मला सांगता येत नाही.