डिसाबाईंचे ऋण

मावळात एखाद्या सासूची जीभ जरा तिखट निघाली, की शेजारणी कुजबुजतात, “अगदी ललिता पवार हो!” लोणावळ्यातील आपल्या ख्रिस्ती कुटुंबांतही ही उपमा मी अनेकदा ऐकली आहे. अभिनेत्रीचे नाव असे घरोघरी विशेषण होऊन बसावे, हा तिच्या कलेचा विजयच. परंतु या उपमेने त्या बाईंचे अर्धेच रूप आपल्या ध्यानात राहिले.

येवल्यात 1916 साली जन्मलेल्या अंबा सगुण बालवयातच मूकपटांत आल्या आणि पुढे ललिता पवार या नावाने नायिका झाल्या. 1942 साली एका चित्रीकरणात सहकलाकाराची थप्पड वर्मी बसली. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली. दीर्घ उपचारांनंतरही डावा डोळा बारीकच राहिला. वय अवघे सव्वीस. नायिकेच्या भूमिकांचे दार बंद झाले, तेव्हा बाई घरी बसल्या नाहीत. नायिकेमागची जागा त्यांनी पत्करली. ‘प्रभात’च्या ‘रामशास्त्री’त (1944) त्या आनंदीबाई झाल्या. अधू झालेला तो डोळाच पुढे त्यांच्या खाष्ट सासवांचे अस्त्र ठरला.

मात्र त्याच डोळ्यांत माया दाटलेलीही प्रेक्षकांनी पाहिली. ‘श्री 420’ मधील (1955) केळेवाली गंगामाई आठवावी. आणि हृषिकेश मुखर्जींच्या ‘अनाडी’तील (1959) मिसेस डिसा तर आपण विसरूच नये. हिंदी चित्रपटातील ख्रिस्ती मनुष्य बहुधा गुत्त्यावर किंवा नाचगाण्यातच भेटे; आपला समाज त्याबद्दल नाराज असे, आणि ती नाराजी रास्त होती. डिसाबाई मात्र आपल्या शेजारच्या घरातून उठून पडद्यावर गेल्यासारख्या वाटतात. भोळ्या, प्रामाणिक भाडेकरूवर त्या तोंडाने खेकसतात आणि मनाने आईची पाखर घालतात. अखेर दूषित औषधाने त्यांचा बळी जातो आणि खुनाचा आळ त्याच निरपराध तरुणावर येतो. या भूमिकेसाठी ललिताबाईंना सहाय्यक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. आपल्या समाजाबाहेरच्या एका मराठी स्त्रीने आपल्या घरातील वृद्धेला असा मान मिळवून दिला, याची कृतज्ञता आपण क्वचितच बोलून दाखवली.

पुढे 1987 साली दूरदर्शनच्या ‘रामायण’ मालिकेत त्यांनी मंथरा साकारली आणि नव्या पिढीनेही त्यांचा मनसोक्त राग केला. 24 फेब्रुवारी 1998 रोजी पुण्यातील औंध येथे त्यांचे निधन झाले.

आजाऱ्यांच्या भेटीसाठी घरोघरी जाताना मला पुष्कळदा अशा वृद्धा भेटतात, ज्यांच्या कडवटपणाची तक्रार दारातच कानी येते. आत जाऊन घटकाभर बसले, की अकाली गेलेला नवरा, एकटीने वाढवलेली मुले, कोणालाही न सांगितलेले दुखणे असे काहीबाही हळूहळू उलगडते. जीभ मऊ होतेच असे नाही, पण उठताना बशीत केकचा तुकडा येतो. तेव्हा वाचकहो, घरातल्या म्हातारीला पुन्हा ‘ललिता पवार’ म्हणावेसे वाटले, तर अवश्य म्हणा. फक्त म्हणताना मंथरेबरोबर डिसाबाईंचीही आठवण असू द्या.