तुम्ही कुठले?

माझी एक विद्यार्थिनी जर्मनीत शिकते. तिच्या वसतिगृहात तैवानची एक मुलगी आहे. तिला कुणी चिनी म्हटले की ती गप्प होते. तिने स्वतःला तैवानी म्हटले की शेजारचा चिनी मुलगा दुखावतो. शाळेपासून तो वेगळेच शिकलेला. ऑलिंपिकमध्येही तैवानचे खेळाडू १९८४ पासून ‘चायनीज तैपेई’ या तडजोडीच्या नावाने उतरतात.

आम्हा कणकुंबीकरांना याचे नवल नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल महाराष्ट्राने नाकारला आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. २०१४ मध्ये बेळगाव सरकारदरबारी ‘बेळगावी’ झाले. १ नोव्हेंबर आला की शहरात एकीकडे राज्योत्सव, दुसरीकडे काळा दिन.

तिथला वाद देशाचा, आपला राज्याचा. तुलना फार ताणू नये. पण आपली ओळख दुसऱ्याने ठरवली की उठणारी कळ तीच.

“मग तू काय केलंस?” मी फोनवर विचारले.

“सर, तुझी ओळख कशी करून देऊ, असं मी तिलाच विचारलं.”

सीमाभागातल्या पोरीलाच हे सुचावे! निकाल लागेल तेव्हा लागो. आपल्या ‘बेळगाव’चा मान राहावा असे वाटत असेल, तर कन्नड शेजाऱ्याच्या ‘बेळगावी’लाही आपला कान सरावायला हवा. मुलांना घरातून एवढे तरी द्यावे.